पट्टी पडली, क्रमांक उघडाच: आधार झाकणाऱ्या टूलचं डॉक्युमेंटेशन एजंटसाठी पुन्हा लिहिताना

सहकारी बँकांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एका छोट्या कंपनीकडे आधार कार्डाच्या फोटोवर काळी पट्टी मारणारं टूल होतं. शाखेत केवायसीसाठी जमा झालेले फोटो, स्कॅन, झेरॉक्सचे फोटो त्यात टाकायचे. क्रमांकाचे पहिले आठ आकडे झाकले जायचे, शेवटचे चार दिसत राहायचे. बँकेतली माणसं ते बरीच वर्षं वापरत होती आणि कुणाची मोठी तक्रार नव्हती. मग एका नागरी सहकारी बँकेने जुन्या फायलींचा साठलेला ढीग उपसायचं ठरवलं. काम रटाळ, फायली भरपूर, म्हणून ते एका एआय एजंटकडे, म्हणजे टूल स्वतःच चालवून काम पुढे नेणाऱ्या एआय प्रोग्रॅमकडे, सोपवायचं ठरलं. चाचणीच्या पहिल्या गठ्ठ्यात एजंटने सगळं पार पाडल्याचा अहवाल दिला. 'पूर्ण' फोल्डर उघडलं तर काही प्रतींवर नाव, फोटो, पत्ता, अशोकस्तंभ सगळं काळं, आणि नेमका आधार क्रमांक तेवढा स्वच्छ वाचता येत होता. काहींवर पट्टी होती, पण ती कार्डधारकाच्या कपाळावर.

टूल बिघडलेलं नव्हतं. तेच टूल शाखेतला कारकून वेबपानावरून वापरे तेव्हा उत्तर बरोबर येई. डॉक्युमेंटेशन पुन्हा लिहायचं काम माझ्याकडे आलं ते या टप्प्यावर. एजंट 'हुशार' आहे की नाही या वादात मी इथे पडत नाही. टूलबद्दल काय लिहिलेलं होतं, काय लिहायचं राहिलं होतं आणि लिहूनही काय सुटलं नाही, एवढाच या लेखाचा विषय.

झाकायचं कशासाठी, आणि किती

थोडी पार्श्वभूमी लागेल. आधार क्रमांकाची पडताळणी करायची नसेल तर ग्राहकाने दिलेल्या आधारच्या प्रतीवरचा क्रमांक काळा केलेला किंवा झाकलेला असावा, याची काळजी बँकांनी घ्यावी, असं रिझर्व्ह बँकेचे केवायसीचे निर्देश सांगतात. आधार प्राधिकरण स्वतः 'मास्क्ड आधार' डाउनलोड करू देतं. त्यात पहिले आठ आकडे फुल्यांनी झाकलेले आणि शेवटचे चार उघडे असतात. मे २०२२ मध्ये प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क्ड प्रत द्या, असं पत्रक काढलं होतं. गोंधळ उडाला आणि केंद्र सरकारने दोन दिवसांत ते मागे घेतलं. पण शाखांमध्ये तेव्हापासून 'मास्क' हा शब्द रुळला.

त्यामुळे बँकेचं धोरण ठरलेलं होतं: पहिले आठ झाकायचे, शेवटचे चार ठेवायचे. सोपं वाटतं. पण आधारच्या लांब पत्रावर क्रमांक एकाहून जास्त ठिकाणी छापलेला असतो. कार्डाच्या मागच्या बाजूलाही असतो. त्याखाली सोळा आकडी व्हीआयडी (आधारऐवजी देता येणारा पर्यायी क्रमांक) असतो, तो आधार क्रमांक नव्हे. आणि क्यूआर कोड असतो, त्याची गोष्ट पुढे येईल.

बँकेची एक अट होती आणि ती योग्यच होती: ग्राहकांचे फोटो बाहेरच्या कुठल्याही एआय मॉडेलला दाखवायचे नाहीत. फोटो बँकेच्या सर्व्हरवर राहतील, टूल तिथेच चालेल, एजंटला फक्त फाइलचा सांकेतिक क्रमांक आणि टूलने दिलेला मजकुरी अहवाल मिळेल. जोडणी मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलने केली होती. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केलेला हा प्रोटोकॉल. त्यात प्रत्येक टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा आराखडा एजंटपुढे ठेवला जातो आणि एजंट त्यावरून कधी काय हाक मारायची ते ठरवतो.

म्हणजे हा एजंट मुद्दाम आंधळा ठेवलेला होता. टूल चित्रांचं, वापरणारा चित्र न बघणारा.

जुनं डॉक्युमेंटेशन

जुनं रीडमी, म्हणजे टूलसोबतची माहितीची फाइल, वाईट नव्हतं. इन्स्टॉल कसं करायचं, कोणते फाइल प्रकार चालतात, पानावर कुठलं बटण कुठे आहे, सगळं स्क्रीनशॉटसकट होतं. माणसासाठी पुरेसं. पण त्यात एक वाक्य होतं, ज्यावर मी बराच वेळ थांबलो: 'परिणाम हवा तसा दिसत नसेल तर उलट हा पर्याय वापरून पाहा.'

या एका वाक्यात टूलची अर्धी अडचण झाकली गेली होती. 'दिसत नसेल तर' म्हणजे तपासायचं काम वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर टाकलेलं. कारकून बघतो, 'अरे, उलटं झालं' म्हणतो, बटण दाबतो, पुढे जातो. ही चूक कुठे नोंदवलीच जात नाही, म्हणून तक्रारही येत नाही. एजंटपुढे हे वाक्य आलं तेव्हा त्याच्या हातात फक्त 'यशस्वी' एवढा शब्द होता. उलट पर्याय कधी वापरायचा हे कळायला त्याला काही मार्गच नव्हता.

त्यानंतर मी रीडमी पुन्हा वाचलं ते एकच प्रश्न मनात ठेवून: इथे डोळ्यांनी कोणतं काम गुपचूप केलं आहे? त्याची जी उत्तरं मिळाली, त्यांतूनच नवं डॉक्युमेंटेशन झालं.

पांढरं म्हणजे काय

टूलमध्ये दोन कमांड होत्या. 'शोध' ही फोटोत क्रमांक कुठे आहे ते हुडकून एक मास्क देई: काळ्या चित्रावर क्रमांकाच्या जागी पांढरा आयत. 'झाक' ही फोटो आणि मास्क घेऊन झाकलेली प्रत देई. पण 'झाक' लिहिणाऱ्याचा हात फोटोशॉपवर बसलेला होता. तिथल्या लेयर मास्कमध्ये पांढरं म्हणजे दिसेल, काळं म्हणजे लपेल. त्याने तसंच लिहिलं. शोधचं पांढरं म्हणजे 'इथे क्रमांक आहे', झाकचं पांढरं म्हणजे 'हे राहू दे'. वेबपानाच्या कोडमध्ये मधल्या मध्ये एक ओळ मास्क उलटा करून टाकत होती. ती ओळ कुठेही नोंदलेली नव्हती, कारण पान वापरणाऱ्याला तिची गरजच नव्हती. एजंटने पान वगळून दोन्ही कमांड थेट जोडल्या. नाव, फोटो, पत्ता काळा आणि क्रमांक उघडा, हे त्याचंच फळ.

एजंटने अंदाज चुकवला असं म्हणणं सोपं आहे. पण चित्रं आणि आकडे हाताळणाऱ्या तयार कोडच्या संचांबद्दल त्याच्या वाचनात काय काय आलेलं असतं बघा. पिलोमध्ये एक चित्र दुसऱ्यावर चिकटवताना मास्कमध्ये जिथे २५५, म्हणजे पांढरं, तिथे नवं चित्र येतं. ओपनसीव्हीच्या इनपेंटमध्ये (चित्रातला खराब भाग भरून काढण्यात) शून्य नसलेले पिक्सेल दुरुस्त केले जातात. डिफ्यूजर्समध्ये पांढरा भाग नव्याने रंगवला जातो. ओपनएआयच्या चित्र संपादनाच्या एपीआयमध्ये रंगाचा प्रश्नच नाही. मास्कचा पारदर्शक भाग बदलला जातो. नमपायमध्ये तर एकाच घरात दोन रिती: बूलियन (खरं-खोटं) मास्कने निवड करताना 'खरं' म्हणजे घ्या, आणि मास्क्ड अ‍ॅरेमध्ये 'खरं' म्हणजे हे मूल्य बाद समजा. इतक्या परस्परविरोधी सवयी ज्याने वाचल्या आहेत त्याला 'मास्क: मास्कची फाइल' एवढं सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. जुन्या आराखड्यात त्या रकान्याचं वर्णन शब्दशः तेवढंच होतं.

नव्या वर्णनात तीन छोटी वाक्यं आली. पांढरा, म्हणजे २५५, असलेला भाग झाकला जाईल. काळा, म्हणजे ०, असलेला भाग जसाच्या तसा राहील. मधलं कुठलंही मूल्य सापडलं तर फाइल नाकारली जाईल. तिसरं वाक्य आगाऊ वाटेल, पण जेपेग चित्रातली थोडी माहिती गाळून साठवतं, त्यामुळे त्यात जतन केलेल्या मास्कच्या कडांना ३, ११, २४७ अशी मूल्यं येतात आणि मग उंबरठा कुठे धरायचा हे प्रत्येक कोड आपापलं ठरवतो. म्हणून मास्क फक्त पीएनजीमध्ये.

अर्थात ही वाक्यं खरी व्हायला झाक कमांड बदलावी लागली. डेव्हलपर आधी राजी नव्हता. 'सर, डॉक्युमेंटेशनमध्ये लिहा ना की झाकच्या आधी उलटा करून घ्या. कोड कशाला हलवायचा?' तसं लिहिता आलं असतं. पण दोन कमांडनी एकाच रंगाचे दोन अर्थ लावावेत आणि ते कागदावर समजावून सांगावं, यात पुढच्या प्रत्येक वाचणाऱ्याला एक सापळा कायमचा लावून ठेवणं आहे. मला वाटतं, जी गोष्ट लिहिताना आपल्यालाच लाज वाटते ती लिहू नये, दुरुस्त करावी. शेवटी एजंटसाठी दोन्हींऐवजी एकच कमांड झाली, 'आधार झाका': मूळ फाइल द्या, शोधणं आणि झाकणं आतल्या आत होईल. मास्क बाहेरून देण्याची सोय फक्त माणसाने हाताने आखलेल्या मास्कसाठी उरली.

कपाळावरची पट्टी

दुसरा प्रकार जास्त चकवणारा होता. फोन उभा धरून काढलेल्या फोटोत पिक्सेल बहुतेक वेळा आडवेच साठवलेले असतात आणि एक्झिफमधल्या (फोटोच्या फाइलसोबत साठवलेल्या माहितीतल्या) ओरिएन्टेशनच्या खुणेत 'दाखवताना फिरवा' असं लिहिलेलं असतं. त्या खुणेची १ ते ८ अशी आठ मूल्यं आहेत. उभ्या फोटोत सहसा ६ दिसतं. शोध कमांड ही खूण पाळून फोटो सरळ करी, कारण आडव्या फोटोतलं छापील वाचता येत नाही. झाक कमांड खूण बघतच नव्हती. मास्क ३०००×४००० चा, फोटो ४०००×३००० चा. इथपर्यंत गाडी अडली असती तरी बरं होतं. पण कुणीतरी भलेपणाने सोय करून ठेवली होती: आकार जुळत नसेल तर मास्क ताणून बसवायचा. पट्टी कुठेतरी पडे. अहवाल म्हणे, १ क्षेत्र झाकलं. शाखेतल्या पानावर फोटो चढवतानाच सरळ होत असल्याने तिथे हा प्रश्न कधी उभा राहिलाच नाही.

ताणून बसवणं काढून टाकलं. आकार जुळला नाही तर नकार. डॉक्युमेंटेशनमध्ये चौकट स्पष्ट केली: सगळे निर्देशांक सरळ केलेल्या फोटोवरचे, पिक्सेलमध्ये, शून्य बिंदू वरचा डावा कोपरा, आयत म्हणजे डावी, वरची, उजवी, खालची कड याच क्रमाने. चार आकड्यांचा क्रम सांगणं फुकटचा काटेकोरपणा नाही. चित्रातल्या वस्तूंच्या जागा नोंदवायच्या कोको पद्धतीत हेच चार आकडे डावी, वरची, रुंदी, उंची असे असतात. योलोत केंद्रबिंदू आणि रुंदी-उंची, तेही ० ते १ मध्ये. चारही आकडे पूर्णांक दिसले की एजंट कोको गृहीत धरू शकतो, आणि मग पट्टी भलतीच रुंद होते.

इथे नकाराच्या मजकुराबद्दल थोडं. आधी 'अवैध इनपुट' एवढंच येई. आता येतं: 'मास्कचा आकार ३०००×४०००, फोटोचा ४०००×३०००. मास्क बहुधा वेगळ्या दिशेच्या प्रतीवरून आखला आहे. ही फाइल माणसाकडे पाठवा. मास्क ताणू किंवा फिरवू नका.' माझ्या मते एजंटसाठीच्या डॉक्युमेंटेशनची सगळ्यात मोलाची जागा हीच. लांब पान तो कामाच्या सुरुवातीला वाचतो. नकाराचा संदेश तो नेमक्या अडलेल्या क्षणी वाचतो. शेवटचं वाक्य नसेल तर तो स्वतः पायथॉनच्या चार ओळी लिहून मास्क फिरवून मोकळा होतो. चाचणीत झाला होता.

'यशस्वी' म्हणजे काय

जुनं टूल क्रमांक सापडला नाही तरी '० क्षेत्रं झाकली' असं छापून शून्य एक्झिट कोड (प्रोग्रॅम संपताना देतो तो आकडा) देई. प्रोग्रॅम कोसळला नाही, या अर्थाने यश. युनिक्सच्या रितीला धरून ते चूकही नाही. पण एजंटच्या लेखी शून्य म्हणजे काम फत्ते, फाइल 'पूर्ण'मध्ये. क्रमांक न सापडण्याची कारणं मात्र फार वेगवेगळी असतात. फाइल पॅन कार्डाची असेल. आधारचीच असेल पण झेरॉक्सची झेरॉक्स, फिकट. किंवा आधीच झाकलेली असेल: प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून आलेली मास्क्ड प्रत, किंवा आपल्याच टूलमधून काल गेलेली. पहिल्या प्रकारात काही करायचं नाही, दुसऱ्यात धोका, तिसऱ्यात काम झालेलं. तिन्हींना एकच उत्तर मिळत होतं.

यात व्हरहोफची भर. आधारचा बारावा आकडा हा व्हरहोफ पद्धतीने काढलेला तपासणी आकडा असतो; एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले तर ही पद्धत ते पकडते. टूल बारा आकडे सापडले की ही तपासणी करी आणि जुळलं नाही तर 'हा आधार क्रमांक नाही' म्हणून सोडून देई. कर्जखात्याचे बारा आकडे चुकून झाकले जाऊ नयेत, हा हेतू. पण फिकट छपाईत ओसीआरने (चित्रातली अक्षरं वाचणाऱ्या भागाने) ३ चा ८ वाचला की तपासणी फसते, आणि खराखुरा आधार क्रमांक उघडा राहतो. जी तपासणी चुकीचं वाचन पकडण्यासाठी आहे ती इथे चुकीच्या वाचनालाच निर्दोष ठरवत होती. उलट बाजूनेही तिच्यावर फार भिस्त ठेवता येत नाही: कुठलेही बारा आकडे घ्या, दहात एकदा ते जुळणारच.

आता टूल पाचांपैकी एक निकाल देतं. 'झाकलं', 'आधीच झाकलेलं', 'आधार नाही', 'संशय', 'वाचता आलं नाही'. व्हरहोफ जुळलं नाही पण मांडणी आधारसारखी आहे, तर 'संशय'. प्रत्येक निकालापुढे डॉक्युमेंटेशनमध्ये पुढची कृती लिहिली: पहिल्या दोन्हींना 'पूर्ण', 'आधार नाही'ला 'इतर', शेवटच्या दोन्हींना माणसाचा ट्रे. आणि सोबत: 'संशय आणि वाचता आलं नाही या निकालांवर पर्याय बदलून पुन्हा चालवू नका, निकाल बदलणार नाही.' हे सांगावंच लागतं. अडलेला एजंट हातातले सगळे पर्याय एकेक करून वापरून बघतो, आणि त्यातला एखादा जोड चुकून 'यशस्वी' म्हणाला की तो थांबतो.

बँकेच्या केवायसी विभागातल्या मॅडमनी इथे नेमका प्रश्न विचारला. 'झाकल्यावर टूल परत एकदा तपासतं ना? मग आमची माणसं कशाला बघायला हवीत?' तपासतं, खरं आहे. झाकलेल्या प्रतीवर शोध पुन्हा चालवला जातो. पण तो तोच शोध. जे त्याला पहिल्यांदा दिसलं नाही ते दुसऱ्यांदाही दिसणार नाही. म्हणून वर्णनात लिहिलं: 'फेरतपासणी यशस्वी याचा अर्थ जे सापडलं ते झाकलं गेलं. प्रतीवर दुसरा क्रमांक नाही, असा त्याचा अर्थ नाही.' विक्री विभागाला हे वाक्य आवडलं नाही. ते राहिलं, आणि दर गठ्ठ्यातल्या काही प्रती माणसाने उघडून बघायचं ठरलं.

क्यूआर, लघुचित्र आणि फाइलचं नाव

जुन्या आधार पत्रांवरच्या क्यूआरमध्ये साधा एक्सएमएल मजकूर असायचा आणि त्यात बाराही आकडे असायचे. कुठल्याही फोनने वाचा. पुढे सुरक्षित क्यूआर आला, त्यात फक्त शेवटचे चार आकडे असलेला संदर्भ क्रमांक असतो. बँकांच्या जुन्या फायलींत दोन्ही प्रकार सापडतात. टूल आकड्यांवर पट्टी मारून जुना क्यूआर तसाच सोडत होतं, म्हणजे दार लावून किल्ली दारालाच लटकवलेली. आता आधारवरचा प्रत्येक क्यूआर, नवा-जुना न बघता, झाकला जातो.

मेटाडेटा, म्हणजे फाइलमध्ये चित्रासोबत साठवलेली माहिती, हा दुसरा कोपरा. जेपेगच्या एक्झिफमध्ये फोटोचं लघुचित्र साठवलेलं असू शकतं, आणि मुख्य चित्र बदललं तरी ते जुनंच राहू शकतं. असल्या उरलेल्या तुकड्यांचा धोका कल्पनेतला नाही. २०२३ मध्ये गूगल पिक्सेल फोनमधल्या स्क्रीनशॉट कापणाऱ्या टूलमध्ये असाच दोष उघड झाला: कापलेल्या पीएनजीच्या शेपटीला मूळ चित्राचा डेटा शिल्लक राहत होता आणि त्यातून कापलेला भाग परत मिळवता येत होता. आमच्या टूलमध्ये आता फक्त पिक्सेल घेऊन नवी फाइल लिहिली जाते, मूळ मेटाडेटा काहीही येत नाही. पीडीएफ असेल तर पानांची चित्रं केली जातात, कारण पीडीएफवर काळा आयत ठेवला तरी खालचा मजकूर माऊसने निवडून कॉपी करता येतो.

या सगळ्यापेक्षा मला जास्त धक्का बसला तो साध्या गोष्टींनी. टूलच्या सविस्तर अहवालात 'सापडलेला क्रमांक' म्हणून बाराही आकडे छापले जात होते, डेव्हलपरला तपासायला सोपं जावं म्हणून. फोटो मॉडेलला दाखवायचा नाही ही अट कडक पाळलेली, आणि क्रमांक मजकुरातून थेट त्याच मॉडेलकडे. काही शाखांनी तर फायलींची नावंच आधार क्रमांकाने दिली होती. म्हणून एजंटला आता मूळ नाव कळत नाही. सांकेतिक क्रमांक कळतो. आणि आराखड्यात अहवालाची हमी लिहिली आहे: आधारच्या आकड्यांपैकी एकही अहवालात, नकाराच्या संदेशात किंवा नोंदींत येत नाही. शेवटचे चारसुद्धा नाहीत.

जे लिहिलं नाही

दोन पर्याय डॉक्युमेंटेशनमधून गेले. एक 'पुसट': काळ्या पट्टीऐवजी आकडे धूसर करणारा. दिसायला बरा, म्हणून कुणीतरी घातलेला. पण आकडे फक्त दहा, टंक ठरलेला, शेवटचे चार उघडे आणि वर तपासणी आकड्याची मदत. शक्य ते आकडे धूसर करून ताडून बघणाऱ्याला असं धूसर फार अडवत नाही. दुसरा 'सक्ती': संशय असला तरी फाइल पूर्ण म्हणून पुढे ढकलणारा. आधी मी त्याच्यापुढे 'एजंटने वापरू नये' असं ठळक लिहिलं होतं. चाचणीत एजंटने तो वापरला, आणि का वापरला याचं समजूतदार कारणही दिलं: गठ्ठा पूर्ण करायला सांगितलं होतं. निषिद्ध म्हणून लिहिलेली वाट ही शेवटी दाखवलेली वाटच असते. आता एजंटच्या आराखड्यात तो पर्याय अस्तित्वातच नाही.

नवं वर्णन, मूळ इंग्रजीत आहे, मराठीत साधारण असं:

'एका फाइलमधल्या आधार क्रमांकाचे पहिले आठ आकडे आणि सर्व क्यूआर कोड काळ्या पट्टीने झाकते. पुढची बाजू, मागची बाजू आणि लांब पत्र यांवरची छापील सर्व ठिकाणं शोधते. सोळा आकडी व्हीआयडीला हात लावत नाही. मूळ फाइल बदलत नाही. नवी फाइल बनवते. एकाच फाइलवर पुन्हा चालवलं तरी चालतं. पाच निकालांपैकी एक देते; निकालानुसार पुढची कृती करा, स्वतः अंदाज करू नका. हस्तलिखित क्रमांक शोधत नाही.'

बाकीचं, म्हणजे निर्देशांक, मास्कचे नियम, निकालांचा तक्ता, हे वेगळ्या पानावर, गरज पडली तर मागवण्यासाठी. डेव्हलपरचं म्हणणं होतं की यंत्र वाचणार आहे, मग हात आखडता का, सगळंच वर्णनात कोंबू. पण टूलचं वर्णन प्रत्येक संवादात मॉडेलपुढे असतं, त्याची जागा आणि पैसे दरवेळी लागतात, आणि महत्त्वाचं वाक्य पन्नास बिनमहत्त्वाच्या वाक्यांत हरवतं, ते यंत्राच्या बाबतीतही. 'व्हीआयडीला हात लावत नाही' हे वाक्य मी आधी वगळलं नव्हतं, पण खाली ढकललं होतं. वर आणल्यावरच एजंटने सोळा आकड्यांबद्दल माणसाला विचारणं थांबवलं.

तपासायची पद्धत साधी होती. दर वेळी कोरा एजंट, त्याला फक्त नवं डॉक्युमेंटेशन, आणि नमुना कार्डांचा गठ्ठा: उभी, आडवी, फिकट, मागची बाजू, आधीच झाकलेली, मध्येच एक पॅन कार्ड. तो जिथे अंदाज करील तिथे एक वाक्य कमी आहे असं धरायचं. नमुना कार्डांवर कोणते क्रमांक छापायचे यावर थोडं अडलं, कारण व्हरहोफला पटेल असा कुठलाही क्रमांक कुणाचा तरी खरा असू शकतो. आधार क्रमांक ० किंवा १ ने सुरू होत नाही, म्हणून नमुने त्या आकड्यांनी सुरू केले. पण टूललाही तोच नियम माहीत असल्याने ते नमुने झाकायलाच तयार होईना. चाचणीपुरतं तो नियम सैल करणारी खूण द्यावी लागली, आणि ती एजंटला दिसणार नाही अशा जागी ठेवावी लागली.

हस्तलिखिताचा प्रश्न सुटलेला नाही. शाखेत झेरॉक्सच्या समासात पेनने आधार क्रमांक लिहायची जुनी सवय आहे, कधी देवनागरी आकड्यांत, कधी ग्राहकाच्या सहीवरून गेलेला. टूल तो शोधत नाही आणि वर्णनात तसं म्हटलं आहे, पण फोटोच न बघणाऱ्या एजंटला समासात काही लिहिलं आहे की नाही हे कळणार कसं? तूर्त टूल एवढंच करतं: छापील भागाच्या बाहेर शाईसारखं काही आढळलं तर छापील क्रमांक नीट झाकूनही निकाल 'संशय' देतं. त्यामुळे ज्या शाखांमध्ये कारकुनांना समासात टिपणं लिहायची हौस आहे त्यांचे गठ्ठे जवळजवळ सगळे माणसाच्या ट्रेमध्ये येतात. मॅडमनी त्या शाखांची यादी मागवली आहे.